कॅनडाच्या डॉक्टरनं मिरजेत नुसतं हॉस्पिटल नाही, डॉक्टर घडवणारी शाळाही काढली

कवठे महांकाळकडं घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे धरले, बोटांचे सांधे सुजले की गावातला डॉक्टर काही दिवस गोळ्या देतो. फरक पडला नाही की मिरजेला दाखवून यायला सांगतो. आता पुणे-मुंबई सोडून मिरजच का?

त्यासाठी डॉ. विल्यम वानलेस यांची गोष्ट माहिती पाहिजे.

वानलेस मूळचे कॅनडाचे, जन्म 1865 चा. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरकी शिकले आणि 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. आले होते धर्मप्रसारासाठीच, हे लपवण्यासारखं नाही. पण लोक त्यांच्या दारात यायचे ते मोतीबिंदू आणि मुतखडा घेऊन.

सुरुवात सांगलीतल्या छोट्या दवाखान्यातून झाली. मग त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला. पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली. पैसे आले फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून, ज्यांचा धंदा रेल्वे इंजिनं बनवायचा! 1894 मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं लांबलांबचे पेशंट यायला लागले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशीही वानलेस यांचे चांगले संबंध होते.

पण खरी अडचण वेगळी होती. ऑपरेशन करणारा माणूस एक. क्लोरोफॉर्म कोण देणार, ड्रेसिंग कोण करणार, रात्री पेशंटजवळ कोण थांबणार? शिकलेली माणसं बाहेरून आणायची म्हटलं तर मिळत नव्हती. मग वानलेस यांनी ती मिरजेतच तयार करायचं ठरवलं आणि 1897 मध्ये वैद्यकीय शाळा काढली. आमच्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. चांगला सर्जन गेला की त्याचा हात त्याच्याबरोबर जातो, शिकवलेली पोरं मात्र मागं राहतात.

आज मोठ्या मेडिकल कॉलेजात संधिवाताचा वेगळा विभाग असतो. तिथं पेशंट तपासतात, नोंदी ठेवून त्यावर संशोधन करतात आणि शिकाऊ डॉक्टरांना तिथंच शिकवतात. वानलेस यांच्या काळात सांधेदुखीचा वेगळा डॉक्टर ही कल्पनाच नव्हती. पण उपचार आणि शिक्षण एकाच आवारात, ही पद्धत मिरजेनं तेव्हाच बघितली.

ज्यांना लोक घरातही ठेवायला घाबरायचे, त्यांचीही सोय त्यांनी केली. 1900 च्या सुमारास कुष्ठरुग्णांसाठी आश्रम आणि 1920 मध्ये क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधोमध सॅनेटोरियम. त्या भागाला आपण आजही वानलेसवाडी म्हणतो.

1927 मध्ये पंढरपूर-मिरज छोटी रेल्वे सुरू झाली आणि कवठे महांकाळच्या पेशंटला मिरजेची थेट गाडी मिळाली. पुढच्याच वर्षी वानलेस यांना सर हा किताब मिळाला आणि ते निवृत्त झाले. 1933 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं ते त्यानंतर 29 वर्षांनी, 1962 मध्ये.