दोन मुलांची आई, चार सुवर्णपदके

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव कुस्ती लढले. त्याच ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन धावल्या. वय ३०, पदरी दोन मुले. महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिके झालीच नव्हती. ऐन उमेदीची वर्षे गेली. आईने मैदानात कशाला जावे, अशी टीकाही झाली. (टीकाकार सगळीकडे सारखेच!) त्या मात्र मुलांना घेऊनच सरावाला जात.

८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुरुवात चुकली, एक अडथळाही लागला. तरी ११.२ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. दुसऱ्या आलेल्या मॉरीन गार्डनर यांची वेळही तीच! पुढे घराच्या आठवणीने त्या रडल्या. प्रशिक्षक असलेल्या पतींनी समजूत घातली. चार सुवर्णपदके घेऊन परतल्यावर शेजाऱ्यांनी त्यांना सायकल भेट दिली. २००४ साली त्या निवर्तल्या.