हजार रुपये आणि एकच मत

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. पण ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. मला त्यांची हीच गोष्ट जास्त आवडते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. १८७६ ते १८८२ ते नगरपालिकेत होते. तेव्हा त्यांच्यासारखे सभासद सरकारच नेमायचं. १८८० साली व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. पैसा कुणाचा? लोकांनी कर भरला त्याचा! तो गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असं जोतीरावांचं म्हणणं पडलं. बाकीचे सगळे सभासद एकीकडे, जोतीराव एकटे एकीकडे. ठराव मंजूर झाला. तरी जोतीराव बदलले नाहीत. शहरात दारूची दुकानं वाढली, त्यालाही त्यांनी विरोध केला. १८९० साली ते वारले.

आता सभासद सरकार नेमत नाही, आपले आईवडील मत देऊन निवडतात. घरपट्टी, पाणीपट्टी आपणच भरतो. त्यातूनच गावाचे दिवे, नळ, गटारं होतात. म्हणून पालकांनी ग्रामसभेला जरूर जावं आणि खर्च विचारावा. एकटं पडलं तरी विचारावा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी