उशिराचा बर्फ आणि लांबलेला पाऊस : हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड

एप्रिल उजाडला की हवामान खात्याचा पावसाचा अंदाज येतो. मग बेळगाव-निपाणीपासून बिदर-भालकीपर्यंत बियाण्यांच्या दुकानांत तीच चर्चा सुरू होते. यंदा किती टक्के? सरासरी गाठणार की नाही? सगळ्या देशासाठी असा अंदाज पहिल्यांदा 4 जून 1886 रोजी निघाला. तो काढणारे हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड आदल्याच दिवशी 52 वर्षांचे झाले होते. त्यांच्या हिशोबात सगळ्यात मोठी नोंद होती ती हिमालयातल्या बर्फाची.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म लंडनचा, 3 जून 1834चा. शिक्षण खाणशास्त्राचे. 1855 मध्ये ते आणि त्यांचे थोरले भाऊ विल्यम असे दोघेही भारतीय भूगर्भ सर्वेक्षणात नोकरीला लागून कलकत्त्याला आले. ओरिसातल्या तालचेर भागात मातीत रुतलेले मोठमोठे धोंडे या दोघांनी पाहिले आणि फार प्राचीन काळी इथे हिमनद्या असाव्यात असे अनुमान काढले. उकाड्याच्या त्या मुलुखात बर्फाची गोष्ट काढणे म्हणजे तेव्हा धाडसच होते. पुढे ते खरे ठरले. विल्यम नंतर प्राणिशास्त्राकडे वळले. हेन्री 1862 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

ऑक्टोबर 1864 मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. हजारो माणसे बुडाली, बंदरातली जहाजे फुटली. त्याचा सविस्तर अहवाल तयार करणाऱ्या दोघांत ब्लॅनफर्ड होते. दगडांचा माणूस तिथून वाऱ्याकडे वळला तो कायमचा. 1867 मध्ये बंगाल सरकारने त्यांना हवामानाचे काम दिले. 1866 आणि 1871 साली पावसाने दगा दिला आणि 1875 मध्ये सरकारने अखिल भारतीय हवामान खाते उभे केले. प्रमुखपदी ब्लॅनफर्ड.

सुरुवातीचे काम अगदी रटाळ होते. प्रत्येक प्रांताची नोंदीची पद्धत वेगळी, वेळा वेगळ्या. एका दुकानाची वही शेरात आणि दुसऱ्याची किलोत असली तर बेरीज कशी करणार? आधी सगळीकडे एकच माप आणणे भाग होते. ब्लॅनफर्ड यांनी ते चिकाटीने केले. त्यांची खरी कमाई हीच म्हणावी लागेल, कारण पुढचे सगळे या वह्यांवरच उभे राहिले.

खाते नुकतेच उभे राहिले होते तोच 1876चा दुष्काळ पडला. बेळगाव, धारवाड, कलादगी (म्हणजे आजचे विजापूर-बागलकोट), सोलापूर, सातारा, शिवाय निजामाचा मुलूख आणि म्हैसूर. दख्खन होरपळून निघाली. पुढच्या वर्षी उत्तरेतही पाऊस रुसला. दोन-तीन वर्षांत देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. पाऊस येणार नाही हे दोन महिने आधी कळले असते तर निदान धान्य तरी हलवता आले असते. दुष्काळानंतर सरकारला हाच प्रश्न पडला आणि उत्तर द्यायची जबाबदारी ब्लॅनफर्ड यांच्यावर आली.

जुन्या नोंदी चाळताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पश्चिम हिमालयात ज्या वर्षी बर्फ भरपूर आणि उशिरापर्यंत, अगदी एप्रिल-मे पर्यंत पडत राहतो, त्या वर्षी वायव्य आणि पश्चिम भारतात कोरडे वारे हटता हटत नाहीत आणि पाऊस मागे राहतो. ऐन थंडीतल्या बर्फाचे एवढे नाही, महत्त्व उशिराच्या बर्फाला. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात जमीन तापली की वरची हवा हलकी होते आणि समुद्रावरून ओला वारा आत ओढला जातो. पण डोंगरावर बर्फ साचून असेल तर उन्हाची उष्णता तो वितळवण्यातच खर्ची पडते. डोंगर थंड, तिथली हवा जड, आणि तिकडून कोरडा वारा खाली सुटत राहतो. मग ओल्या वाऱ्याला वाट मिळायला वेळ लागतो.

त्या काळी बर्फ मोजायला उपग्रह कुठले! डोंगरी जिल्ह्यांतले अधिकारी जे कळवत, त्यावरच भिस्त. 1882 पासून ब्लॅनफर्ड यांनी याच आधारावर आडाखे बांधून पाहिले. 1884 मध्ये त्यांनी आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. 1885 मध्ये रुचिराम साहनी हे पंजाबी तरुण त्यांच्या हाताखाली रुजू झाले. खात्यातले ते पहिले भारतीय अधिकारी. आडाखे बऱ्यापैकी जुळले म्हणून 1886 मध्ये ब्रह्मदेशासह सगळ्या देशाचा अंदाज काढला गेला.

1889 मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. त्याच वर्षी भारताच्या हवामानावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. 23 जानेवारी 1893 रोजी इंग्लंडमधल्या फोकस्टन इथे त्यांचे निधन झाले. वय अवघे 58.

त्यांच्या जागी आलेल्या जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडच्या नोंदीही घेतल्या. तरी 1899 मध्ये खात्याने चांगला पाऊस सांगितला आणि पडला तो छप्पनचा दुष्काळ. लोक आजही हवामान खात्याची थट्टा करतात, तिची मुळे इतकी जुनी आहेत. 1877च्या दुष्काळामागे प्रशांत महासागरातला एल निनोही होता, हे कळायला तर विसावे शतक लागले.

पण बर्फाचा धागा तुटला नाही. 1976 मध्ये उपग्रहाची छायाचित्रे तपासून हान आणि शुक्ला या शास्त्रज्ञांनी पुन्हा तेच दाखवले: युरोप-आशियात बर्फ जास्त, तर भारतात पाऊस कमी. 1988 मध्ये हवामान खात्याने 16 घटकांवरून अंदाज काढायला सुरुवात केली, त्यात हिमालयातल्या बर्फाचा रकाना होताच.