शिकारीच्या वाटेवरील राजधर्म

नवरात्राचे नऊ दिवस आदिमायेच्या उपासनेत सरले की आश्विन शुद्ध दशमीचा मंगल दिवस उगवतो. घरोघरी शस्त्रांचे आणि अवजारांचे पूजन होते; शमीला वंदन करून आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. या सणाचे राजवैभव करवीरनगरीत आजही दृष्टीस पडते. श्री अंबाबाई व भवानीमातेच्या पालख्या लवाजम्यासह दसरा चौकात येतात, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होते आणि सोने लुटले जाते. या सीमोल्लंघनाच्या दिवशी राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुण्यचरित्राचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. मातृछत्र १८७७ मध्येच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि अवघ्या दोन वर्षांत, १८८६ मध्ये, पिते जयसिंगराव आबासाहेबही निवर्तले. वडिलांच्या सहवासात सणवार साजरे करावेत, रानवाटा तुडवाव्यात, हे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

क्षात्रकुलांत शिकार हा केवळ छंद नव्हता. अश्वारोहण, धैर्य आणि अचूक नेम यांची ती पाठशाळाच होती. महाराजही निष्णात शिकारी होते. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याची त्यांना विशेष आवड होती. तथापि त्यांच्या दृष्टीला रानात केवळ सावज दिसत नव्हते. समाजाने गुन्हेगार ठरविलेल्या फासेपारध्यांना त्यांनी जवळ केले, पहाऱ्याची कामे दिली आणि मानाने जगण्याची वाट दाखविली. १९१८ मध्ये काही जातींवर लादलेली हजेरीची अपमानास्पद पद्धतही त्यांनी आपल्या संस्थानात बंद केली.

त्याच वर्षी दैवाने घोर आघात केला. पित्याचा शिकारीचा वारसा पुत्रांकडेही आला होता. धाकटे पुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि त्यांचे निधन झाले. विवाहाला जेमतेम एक वर्ष झाले होते. स्नुषा इंदुमतीदेवी त्या वेळी अकरा-बारा वर्षांच्या होत्या. ज्या खेळाने राजवाड्याला एवढा आनंद दिला, त्यानेच कुलदीपक हिरावून नेला! पित्याच्या अंतःकरणाला काय यातना झाल्या असतील, याची कल्पना पुत्रवियोग सोसलेल्या मातापित्यांनाच यावी.

त्या काळी अशा बालविधवेच्या वाट्याला अंधारी खोली आणि मूक अश्रू येत असत. महाराजांनी मात्र निराळा मार्ग स्वीकारला. सोनतळी येथे त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि निरनिराळ्या जातींच्या मुली तिच्या सहाध्यायी म्हणून ठेवल्या. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेणारा राजा स्वतःच्या घरातील दुःखाच्या प्रसंगीही आपल्या तत्त्वापासून ढळला नाही. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे कार्य करून सासऱ्यांची श्रद्धा सार्थ केली. महाराज मात्र ६ मे १९२२ रोजी मुंबईत कालवश झाले.

आज काळ पालटला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली; दाजीपूरच्या ज्या अरण्यात पूर्वी राजेलोकांची शिकार चाले, तेथे आता अभयारण्यात गवे निर्भयपणे चरतात. भाले देवघरात पूजेपुरते उरले. परंतु सीमोल्लंघनाचा अर्थ उणावलेला नाही. आपल्या घरात दुःखाने कोंडलेली एखादी लेक वा सून असेल, तर रूढीची सीमा ओलांडून तिच्या हाती पुस्तक द्यावे. राजर्षींच्या स्मृतीला वाहिलेले हेच खरे सोने होय, असे आम्ही मानतो.