हजार चेहऱ्यांचा नट

वर्गमित्रांनो, आणि आमचे भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

बहुरूपी म्हणजे कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. आज पोलीस होऊन येतो, उद्या साधू होऊन येतो आणि ओळखूसुद्धा येत नाही. मी आज ज्यांची माहिती लिहीत आहे, ते अमेरिकेतले असेच एक बहुरूपी होते. त्यांचे नाव लॉन चेनी. चित्रपटांना आवाज नव्हता, त्या काळातले ते फार मोठे नट. लोक त्यांना हजार चेहऱ्यांचा माणूस म्हणत.

लॉनचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी झाला. हे गाव पाईक्स पीक नावाच्या उंच डोंगराच्या पायथ्याशी आहे. वडील फ्रँक केस कापायचे काम करत. आईचे नाव एमा. आई आणि वडील दोघांनाही ऐकू येत नव्हते. आईच्या वडिलांनी तर त्याच गावात १८७४ साली कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली होती. लॉनला मात्र चांगले ऐकू यायचे.

त्या घरात बोलणे व्हायचे ते हातांनी आणि चेहऱ्याने. आपण रडलो की आई चुलीपुढून उठून धावत येते. लॉनच्या आईला रडणे ऐकू येणार नव्हते, तिला ते दिसावे लागे. भूक लागली, पाय मुरगळला, शाळेत मार बसला, सगळे दाखवूनच सांगायचे.

लॉन चौथीत असताना आईला संधिवाताने गाठले आणि ती अंथरुणाला खिळली. वडिलांना काम सोडून चालण्यासारखे नव्हते. मग लॉनची शाळा सुटली. आईचे करायचे आणि धाकट्या भावंडांना सांभाळायचे, हे काम त्याच्याकडे आले. आईला बाहेरचे काही ऐकू येत नव्हते, आणि आता दिसतही नव्हते. म्हणून लॉन गावातून फिरून आला की आईच्या खाटेजवळ उभा राहून सगळ्या बातम्या तिला करून दाखवायचा. कोण कसा चालत होता, कोणाचे कशावरून भांडण झाले, कोण तोऱ्यात होता, हे सगळे तोंडातून शब्द न काढता.

हे किती अवघड आहे ते घरी करून बघा. शेजारच्या काकूंची म्हैस सुटली आणि ती पाटलांच्या उसात शिरली, एवढेच तोंड न उघडता आईला सांगा. म्हैस जमेल, पाटील कसे सांगाल? चालण्यावरून, मिशीवरून, काठी धरण्यावरूनच ना? लॉनने हा अभ्यास रोज केला. पुढे त्याच्या उपयोगी पडली ती हीच विद्या.

पुढे लॉनने मिळेल ते काम केले. डोंगर बघायला येणाऱ्यांना वाट दाखवली, घरात गालिचे बसवले. गावातल्या नाटकगृहात सामान मांडायचे काम मिळाले आणि तिथेच नाटकाचा नाद लागला. १९०२ सालापासून तो गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांतून कामे करू लागला. १९०६ साली त्याला मुलगा झाला. त्याचे नाव क्रेटन.

१९१२-१३ च्या सुमारास चेनी हॉलिवूडला युनिव्हर्सल कंपनीत आले. तिथे लहानसहान कामे मिळावीत म्हणून पुष्कळ नट रोज वाट बघत बसत. आज म्हातारा पाहिजे, आज खलाशी पाहिजे, असा निरोप यायचा. चेनींजवळ रंगाची एक पेटी असे. जो पाहिजे असेल तो ते तिथल्या तिथे बनत. अशी त्यांनी कितीतरी चित्रपटांत कामे केली. पुढे त्यांनी आठवड्याला १२५ डॉलर पगार मागितला. तेव्हा, तुमची किंमत शंभराच्या वर कधी जाणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले असे सांगतात. चेनींनी ती नोकरी सोडली.

काही दिवस हलाखीत गेले. पण १९१९ साली ‘द मिरॅकल मॅन’ हा चित्रपट आला आणि त्यांचे नाव झाले. त्यात ते एका ठगाचे काम करतात. तो लुळापांगळा असल्याचे सोंग घेऊन सरपटत येतो आणि लोकांदेखत एकेक अवयव सरळ करत उभा राहतो. १९२० च्या ‘द पेनल्टी’त त्यांनी पाय नसलेल्या माणसाचे काम केले. त्यासाठी पाय गुडघ्यात मागे दुमडून पट्ट्यांनी आवळून बांधले आणि गुडघ्यांवर चालले. थोड्या थोड्या वेळाने पट्टे सोडावे लागत, इतकी कळ यायची.

१९२३ साली ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ आला. ही व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरची कथा. पॅरिसच्या मोठ्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा क्वासिमोडो हा कुबडा माणूस. चेनींनी पाठीवर प्लास्टरचे जड कुबड बांधले, एक डोळा झाकून टाकला. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घंटांच्या आवाजाने क्वासिमोडोचे कान गेलेले असतात. लोक त्याला हसतात, दगड मारतात. ज्याच्या आईवडिलांना ऐकू येत नव्हते, त्याच माणसाने हे काम केले. म्हणून त्याच्याकडे बघून आधी भीती वाटते आणि मग पोटात कालवते. आणि गंमत बघा, हा चित्रपट काढला युनिव्हर्सलनेच. ज्याची किंमत शंभराच्या वर जाणार नव्हती, त्याला आता त्याच कंपनीने मानाने बोलावून भरपूर पैसे दिले.

१९२५ साली ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मध्ये त्यांनी नाक वर ओढून धरले, डोळ्यांभोवती काळे रंगवले, खोटे दात बसवले आणि चेहऱ्याची कवटी करून टाकली. मुखवटा निघतो तो क्षण पाहून आजही माणूस दचकतो. पण १९२६ साली एका चित्रपटात ते रंग न लावता, स्वतःच्याच चेहऱ्याने सैनिकांच्या सार्जंटचे काम करतात. ते अमेरिकेच्या मरीन सैनिकांना इतके आवडले की त्यांनी चेनींना आपल्या दलाचे मानद सदस्य करून घेतले.

रंगभूषेत चेनींचा हात धरणारा कोणी नव्हता. १९२९ साली ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या मोठ्या इंग्रजी ज्ञानकोशात चित्रपटातल्या रंगभूषेची माहिती त्यांच्याच नावाने छापली गेली. चौथीत शाळा सुटलेल्या मुलाचे नाव ज्ञानकोशात लेखक म्हणून आले! त्यांची ती रंगाची पेटी लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

१९२७ नंतर बोलपट आले. मूकपटातल्या पुष्कळ नटांचे बस्तान उठले. चेनींनी घाई केली नाही. १९३० साली त्यांनी आपल्याच जुन्या ‘द अनहोली थ्री’ या मूकपटाचा बोलपट केला. त्यात त्यांनी पाच वेगवेगळे आवाज काढले, त्यात एक म्हातारीचा आणि एक पोपटाचासुद्धा. हे सगळे आवाज माझेच आहेत, असे त्यांनी प्रतिज्ञापत्र करून दिले. लोकांना वाटले, आता हजार आवाजही ऐकायला मिळणार.

पण तसे व्हायचे नव्हते. त्यांना कर्करोग झाला होता. शेवटच्या दिवसांत त्यांचा आवाज गेला. तेव्हा ते आईपाशी जसे बोलायचे तसेच, हातांच्या खुणांनी बोलू लागले. २६ ऑगस्ट १९३० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. अंत्यविधीला मरीन सैनिकांनी मानवंदना दिली. इतक्या प्रसिद्ध माणसाच्या समाधीवर नावसुद्धा कोरलेले नाही. मुलगा क्रेटन पुढे लॉन चेनी ज्युनियर या नावाने नट झाला. चेनींनी दीडशेहून जास्त चित्रपटांत काम केले. त्यांतले बरेच आता नष्ट झाले आहेत, पण जे उरले ते बघायला भाषा यावी लागत नाही.

या गोष्टीवरून, शाळा सोडूनसुद्धा मोठे होता येते, असा अर्थ कोणी काढू नये. घरात दुखणे आले की पहिल्यांदा शाळा सुटते ती पोराची नाहीतर पोरीची, हे पालकांना माहीत आहे. लॉनने हौसेने शाळा सोडली नव्हती. त्याच्या आजोबांनी तर जन्मभर लक्षात राहावी अशी शाळा काढली होती.

मला यातून घेण्यासारखे वाटते ते वेगळेच. आपल्या गावात कोणाला ऐकू येत नसले, की पोरे मागून टाळ्या वाजवतात, खोटे हावभाव करतात आणि हसतात. त्या माणसाच्या पुढे जाऊन, त्याला दिसेल असे उभे राहून, त्याच्याशी हातांनी बोलावे. तेवढे आपल्या प्रत्येकाला जमेल. लॉनने ते केले तेव्हा तो चौथीत होता.