राज्याच्या हिशेबाचा पहारा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण करताना चवदार तळे, काळाराम मंदिर आणि नागपूरची धम्मदीक्षा यांचा उल्लेख होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु शासनाच्या जमाखर्चाची तपासणी स्वतंत्र हाती राहावी यासाठी त्यांनी घेतलेली भूमिका आपल्या स्मरणिकांतून क्वचितच वाचावयास मिळते.

बाबासाहेब कायदेपंडित झाले ते नंतर. त्यांची पहिली विद्या अर्थशास्त्राची. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा व वित्ताचा प्रबंध लिहिला. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांना अर्पण केला आहे. १८३३ नंतर सर्व महसूल मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला आणि प्रांतांकडे केवळ खर्च उरला. पैसा उभा करण्याचे दायित्व ज्याच्यावर नाही, त्याचा हात खर्चात सैल सुटतो, हे त्यांनी त्या काळाच्या आकड्यांतून दाखविले.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. त्यांची उमेदवारी महालेखापालाच्या कचेरीत सुरू झाली, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. गावात अस्पृश्याला भाड्याने खोली मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हाकलले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला आणि ते मुंबईस परतले. हिशेबाच्या कचेरीतील ती नोकरी अशी संपली. विद्वत्ता असूनही खुर्ची टिकू शकली नाही, याचे शल्य त्यांना आयुष्यभर राहिले असावे, असे वाटते.

मुंबईत सिडनेहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, लंडनची डी. एस्सी. मिळविली, आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबनीस प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. महाडचा सत्याग्रह चालविणारा नेता त्याच वर्षांत होतकरू हिशेबतपासनिसांना कायद्याचे धडे देत होता!

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकासंबंधीचा अनुच्छेद चर्चेस आला. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी जे मत मांडले, ते आजही अनेकांना चकित करते. या अधिकाऱ्याचे स्थान संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचे आणि त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेहूनही मोलाची, असे त्यांनी सांगितले. संसदेने मंजूर केलेल्या रकमेबाहेर खर्च गेला नाही ना, ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामी लागला ना, हे पाहणे त्याच्या हाती होते. अशा माणसाला सरकारची भीती वा आशा वाटून चालणार नव्हते.

म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १४८ ने त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या मागणीवरूनच, पदच्युत करता येईल असे ठरविले. नियुक्तीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याला अहितकारक होतील अशा बदलता येत नाहीत. त्याच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारताच्या संचित निधीवर भारित असतो. आणि निवृत्तीनंतर केंद्र वा राज्य शासनाचे कोणतेही पद त्याला स्वीकारता येत नाही. अनुच्छेद १५१ अन्वये त्याचे अहवाल संसदेपुढे व विधिमंडळांपुढे ठेवावे लागतात.

तरीही बाबासाहेबांचे पूर्ण समाधान झाले नव्हते. न्यायालयाला आपला कर्मचारीवर्ग स्वतः नेमण्याची मुभा होती, ती महालेखापरीक्षकाला नव्हती. ही उणीव त्यांनी सभागृहात उघडपणे बोलून दाखविली. त्याच्या खात्यातील सेवाशर्तींचे नियम आजही त्याच्याशी विचारविनिमय करून राष्ट्रपतीच करतात.

अनुच्छेद १४९ ने कर्तव्यांचा तपशील संसदेवर सोपविला होता. तो कायदा १९७१ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधरा वर्षांनी, झाला. शासनाच्या अनुदानावर मुख्यतः चालणाऱ्या संस्थांच्या हिशेबाची तपासणीही त्याच कायद्याच्या कलम १४ ने महालेखापरीक्षकाच्या कक्षेत आणली आहे.