शिवराम जानबा कांबळे : भिंती नसलेल्या शाळेचे चालक

पुण्याचा शैक्षणिक इतिहास सांगताना महात्मा फुले व सावित्रीमाई यांच्या शाळांचे स्मरण आपण आदराने करतो. त्यांच्यानंतर आणि बाबासाहेबांच्या उदयापूर्वी याच शहरात भिंती नसलेली एक शाळा उभी राहिली. तिचे चालक शिवराम जानबा कांबळे आजच्या पिढीला फारसे परिचित नाहीत, याची आम्हाला खंत वाटते.

१८७५ साली पुण्यात एका महार कुटुंबात जन्मलेल्या शिवरामरावांपाशी ना धन होते, ना पदवी. बटलरची नोकरी सांभाळून त्यांनी वाचन वाढविले. फुल्यांच्या विचारांनी त्यांना दृष्टी दिली. मात्र मिळविलेले ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९०४ साली त्यांनी सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज स्थापन केला व वाचनालय चालविले. १ जुलै १९०८ रोजी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले.

या मासिकाचे मोल आम्ही इतिहासाचे अभ्यासक म्हणून विशेष मानतो. खंडोबाला मुली वाहण्याच्या मुरळी प्रथेवर त्याने प्रहार केला. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या प्रथेत होरपळलेल्या शिवूबाईंसारख्या स्त्रीने त्यात स्वतः पत्र लिहून आपली व्यथा मांडली. शिवरामरावांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी पुढे तिच्याशी विवाह केला. येथे शिकविणारा एक आणि ऐकणारे अनेक, असा प्रकार नव्हता. ज्याने सोसले, तोच शिक्षक झाला.

या शिक्षणातूनच कृती घडली. सैन्याचे बंद झालेले दरवाजे उघडावेत, म्हणून १९१० साली त्यांच्या पुढाकाराने सरकारकडे अर्ज गेला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी कोरेगावच्या जयस्तंभास मानवंदना दिली. तेथील सभांचा पायंडाही शिवरामरावांचाच. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सुरू झालेल्या पर्वती सत्याग्रहात पां. ना. राजभोज आदी तरुणांसोबत हे पन्नाशी ओलांडलेले कार्यकर्ते अग्रभागी होते. १९४२ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या वसतिगृहात मोठा विद्यार्थी धाकट्याला गणित समजावतो, तेव्हा तीच परंपरा पुढे चालते. माजी विद्यार्थी पदव्या घेऊन शहरोशहरी स्थिरावले, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु ज्या वस्तीतून आपण आलो, तेथे आज एखादे वाचनालय उघडे आहे काय? शिवरामरावांनी नोकरी सांभाळून ते चालविले होते. महिन्यातला एक रविवार आपल्यालाही देता येईल.